नावापुढे ‘बॅरिस्टर’ आहे, पण यंदाचं सर्टिफिकेट आहे का?

स्लाउकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा कुडाळचा, गेली नऊ वर्षं लंडनजवळच्या स्लाउला राहतो. धाकट्या भावाचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं. भावजय अजून कुडाळलाच आहे. तिचा स्पाउस व्हिसा नामंजूर झाला. भावाच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट जुळत नाही, एवढंच कारण दिलंय. पत्र हातात पडून आज अकरा दिवस झाले.

ओळखीतल्या एका घरी सत्यनारायणाच्या पूजेला एक गृहस्थ भेटले. साठीच्या पुढचे, बोलायला आपुलकीचे, मालवणीत बोलले. कार्डावर ‘बॅरिस्टर-ॲट-लॉ, लिंकन्स इन’. अपिलाचे १,८०० पौंड सांगितले. आम्ही ६०० रोख दिले, बाकीचे शुक्रवारपर्यंत हवेत. कागद काहीच नाही, ना पावती ना पत्र. अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलची फीसुद्धा ‘माझ्याकडे द्या, मी भरतो’ म्हणाले.

बायकोला शंका आली. तिने बॅरिस्टर्स रजिस्टरमध्ये त्यांचं नाव शोधलं, तर सापडेना. मी त्यांना नम्रपणे विचारलं. उत्तर आलं, ‘ते रजिस्टर रोज कोर्टात उभं राहणाऱ्यांचं असतं. मला कॉल होऊन, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी मिळून, तीस वर्षं झाली, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय, येऊन बघ.’ बाबा कुडाळहून फोनवर म्हणतात की एवढ्या मोठ्या माणसावर संशय घेऊ नकोस. आमच्याकडे बॅरिस्टर नाथ पैंचं नाव काढलं की अजून आवाज खाली येतो, त्यामुळे बाबांचं मला समजतं.

रजिस्टर अर्धवट असतं का? की नाव नाही म्हणजे माणूस खोटा? आणि शुक्रवारपर्यंत मी काय करू?

सनदधारक, पुणे

मी इथे जिल्हा न्यायालयात वकिली करतो, इंग्लंडचे नियम मला फारसे माहीत नाहीत. पण आपल्याकडे पक्षकाराने ‘सनद दाखवा’ म्हटलं तर चांगल्या वकिलाला राग येत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचा नोंदणी क्रमांक वकालतनाम्यावर असतोच. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेतलेल्यांना त्यावर अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते, त्याचं वेगळं सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मिळतं. म्हणजे नुसती पदवी, नुसती सनद आणि वकिली करण्याचा चालू हक्क या आपल्याकडेही तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडेही असंच काही असणार. शुक्रवारी पैसे देऊ नका, एवढं मात्र मी इथून सांगतो.

माजी क्लार्क, लंडन

स्लाउकर दादा, मी साताऱ्याची. टेंपल या लंडनमधल्या वकिलांच्या भागाजवळ एका चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या एकत्र ऑफिसात, चौदा वर्षं क्लार्क होते, आधी ज्युनियर, शेवटची पाच वर्षं फी ठरवणारी. बॅरिस्टर कोर्टात बोलतो, पण त्याची तारीख, त्याची फी, त्याचे कागद आणि त्याचं सर्टिफिकेट वेळेत झालं की नाही, हे सगळं क्लार्कच्या डोक्यात असतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला एकेक शब्द मी दोनदा वाचला.

आधी अपिलाचं. भावजय इंग्लंडबाहेर आहे, म्हणून निर्णय मिळाल्यापासून २८ दिवस. ती इथे असती तर १४च असते. अकरा गेले, सतरा उरले. अपील ऑनलाइन दाखल करता येतं आणि ते तिचं तिलाही करता येतं. बॅरिस्टर मिळेपर्यंत मुदत थांबत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ट्रिब्युनलची फी भावाने स्वतःच्या कार्डावरून भरावी. ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं कारण नाही. उलट इथल्या बॅरिस्टरला अशिलाचे पैसे सांभाळायला नियमानेच मनाई आहे. स्वतःच्या कामाची ठरलेली फी तो आगाऊ घेऊ शकतो, पण ‘कोर्टाचे पैसे माझ्याकडे ठेवा’ म्हणू शकत नाही. तुमची पोस्ट वाचताना मी तिथेच थांबले.

आता भिंतीवरच्या सर्टिफिकेटचं. ते खोटं असेल असं मी म्हणत नाही. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन ही चार इन्स माणसाला ‘कॉल’ देतात, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी देतात. ती बहुतेक आयुष्यभर राहते. बाबासाहेब ग्रेज इनचे, नाथ पै लिंकन्स इनचे. आपल्या घरांमध्ये बॅरिस्टर म्हणजे हाच कॉल, नावाआधी कायमचा लागलेला शब्द. आजच्या इंग्लंडमध्ये मात्र त्या एका शब्दावर अशील घेता येत नाही. कॉलनंतर बारा महिन्यांची प्युपिलेज असते. पहिल्या सहा महिन्यांत फक्त बघायचं आणि शिकायचं. दुसऱ्या सहा महिन्यांसाठी तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं, ते पार पडलं की पूर्ण प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट. आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं, १ एप्रिल ते ३१ मार्च. ज्याच्याकडे कॉल आहे पण चालू वर्षाचं सर्टिफिकेट नाही, त्याला इथे ‘अनरजिस्टर्ड बॅरिस्टर’ म्हणतात. असा माणूस कायद्याची सेवा देताना स्वतःची ओळख बॅरिस्टर म्हणून करून देऊ शकत नाही. कॉल खरा असला तरी पूजेच्या घरी ते कार्ड हातात ठेवून काम घेणं नियमात बसत नाही.

मार्च महिना आमच्याकडे कसा जायचा ते सांगते, म्हणजे हे किती गंभीर आहे ते कळेल. फेब्रुवारीत नूतनीकरण सुरू झालं की मी एक यादी करायचे, भिंतीवर लावायचे आणि रोज सकाळी नावांवर टीक करत फिरायचे. कमाई कुठल्या पट्ट्यात येते ते प्रत्येकाने जाहीर करायचं, कारण सर्टिफिकेटची फी त्यावर ठरते. जास्त कमावणारा जास्त भरतो. त्या पैशातून बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणारं बार स्टँडर्ड्स बोर्ड चालतं, आणि तुमची तक्रार ऐकणाऱ्या लीगल ओम्बुड्समनच्या खर्चातला वाटाही त्यातूनच जातो. मग विम्याचं बघायचं. स्वतंत्र काम करणाऱ्याला बार म्युच्युअलचा विमा घ्यावाच लागतो, किमान पाच लाख पौंडांचा. एका वर्षी आमचे एक ज्येष्ठ सदस्य मार्चअखेर परदेशात होते. फॉर्म अर्धा भरून ठेवलेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं अपील सुनावणीला लागलं होतं. ३१ तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत मी फोन करत होते. झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस मी दुसऱ्या सदस्याला दिली आणि सॉलिसिटरला, म्हणजे अशिलाची केस आमच्याकडे आणणाऱ्या वकिलाला, कारण खरं सांगितलं. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, पण सर्टिफिकेटशिवाय कोर्टात उभं राहणं हा २००७च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टखाली गुन्हा आहे. अनुभव किती, हे तिथे कुणी विचारत नाही.

म्हणून ‘रजिस्टर फक्त कोर्टात जाणाऱ्यांचं’ हे म्हणणं मला पटत नाही. ज्यांना आज प्रॅक्टिस करण्याचा अधिकार आहे त्यांचं ते रजिस्टर आहे. नाव, चेंबर्सचा पत्ता, कुठल्या कामांची परवानगी, लोकांकडून थेट काम घेता येतं का, शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही, सगळं तिथे असतं. ते कुणालाही फुकट बघता येतं. एक काळजी घ्या. आपली नावं तीन पदरी, त्यातलं मधलं नाव इथे बहुतेक गळतं, आणि बायकांची माहेरची-सासरची नावं वेगळी असतात. म्हणून नुसत्या आडनावाने शोधा, स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा. तरीही नाही सापडलं तर बोर्डाला ईमेल करून विचारा.

आणि तुमचं काम व्हिसाचं आहे, तिथे तर कुंपण दुहेरी आहे. इमिग्रेशनचा सल्ला व्यवसाय म्हणून द्यायला १९९९च्या कायद्याने बंधन आहे. प्रॅक्टिसिंग बॅरिस्टर, सॉलिसिटर, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार, साधारण एवढेच लोक तो देऊ शकतात. जानेवारी २०२५ पर्यंत त्या ऑथॉरिटीला ओआयएससी म्हणायचे, जुन्या बोर्डांवर अजून तेच नाव दिसतं. म्हणून तुमचे गृहस्थ तीन ठिकाणी शोधा: बॅरिस्टरांचं रजिस्टर, सॉलिसिटरांचं रजिस्टर आणि या ऑथॉरिटीचं रजिस्टर. सल्लागार म्हणून सापडले तर पातळी बघा, ट्रिब्युनलपुढे अपील चालवायला तिसरी पातळी लागते. तिन्हीकडे नसतील तर ते कितीही मायाळू असले तरी हे काम त्यांना करता येत नाही.

शुक्रवारच्या आधी त्यांना लेखी तीन ओळी पाठवा. चालू वर्षाचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट आहे का, विमा कुणाकडे आहे, आणि कामाचं पत्र कधी देताय. उद्धटपणा वाटेल असा एक शब्दही घालू नका. थेट लोकांचं काम घेणाऱ्या बॅरिस्टरला काय काम करणार, फी किती आणि तक्रार कुठे करायची हे लेखी द्यावंच लागतं, त्यामुळे खऱ्या माणसाला या तीन ओळींचा त्रास व्हायचं कारण नाही.

स्लाउकर

ताई, खूप आभार. तीनही रजिस्टरं रात्री बसून बघितली, आडनावाच्या चार स्पेलिंगांनी. कुठेच नाहीत. तीन ओळी पाठवल्या आहेत, अजून उत्तर नाही.

दरम्यान दोन चेंबर्सच्या वेबसाइट बघितल्या. एकीकडे इमिग्रेशन अपिलाची फी चक्क लिहिलेली आहे, ‘अमुक ते अमुक’ अशी. दुसरीकडे फक्त ‘फिक्स्ड फी किंवा ताशी दर, कोटेशनसाठी संपर्क करा’. दुसरे काही लपवताहेत का? आणि लिहिलेली फी म्हणजे तीच पक्की धरायची?

माजी क्लार्क, लंडन

लपवताहेत असं लगेच धरू नका. वेबसाइटवर फीची माहिती द्यायचे नियम जुलै २०१९ पासून आले. त्याआधी २०१६च्या शेवटी इथल्या स्पर्धा नियामकाने कायद्याच्या सेवांचा बाजार तपासला होता. लोकांना वकील निवडताना किंमत, दर्जा, तक्रारीची सोय यांतलं काहीच धड दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातून हे निघालं. प्रत्येक चेंबर्सने कुठल्या प्रकारची कामं करतो, फी कुठल्या पद्धतीने घेतो, वेळ कशामुळे कमी-जास्त लागतो, तक्रार कशी करायची आणि कोटेशन कुणाकडे मागायचं हे वेबसाइटवर लिहायचं. पहिल्याच पानावर बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या नियंत्रणाखाली असल्याचं वाक्य. ओम्बुड्समनच्या निकालांची आणि बॅरिस्टर्स रजिस्टरची लिंकही. प्रत्यक्ष आकडे लिहिण्याची सक्ती मात्र काही ठराविक कामांनाच, आणि तीही थेट लोकांकडून काम घेणाऱ्यांना. इमिग्रेशन अपील त्यात येतं. घटस्फोटातले पैशाचे वाद, नोकरीच्या ट्रिब्युनलचे दावे, वाहतुकीचे छोटे गुन्हे, हेही. दुसरं चेंबर्स अपिलं फक्त सॉलिसिटरमार्फत घेत असेल तर त्यांनी आकडा न लिहिणं नियमात बसतं. फोन करून विचारा, ‘पब्लिक ॲक्सेस घेता का?’ म्हणजे थेट लोकांकडून काम घेता का. हाच शब्द वापरा.

त्या २०१९च्या उन्हाळ्यात आमच्या वेबसाइटचं ते पान मी लिहिलं. तीन मीटिंगा झाल्या. ‘प्रत्येक केस वेगळी, आकडा लिहून अशिलाची दिशाभूल होईल,’ असं एक ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या, आणि त्यांची काळजी खरी होती. मी मागच्या दोन वर्षांच्या अपिलांच्या फायली काढल्या. साधी केस, कागद जास्त असलेली केस, दुभाषा लागणारी केस, असे ढीग केले आणि प्रत्येक ढिगाला आम्ही खरोखर किती घेतलं होतं ते लिहून टेबलावर ठेवलं. मग सगळे गप्प झाले, कारण आकडे आमच्याच वह्यांमधले होते. पान लागल्यावर पहिल्या महिन्यात मला एका बाईचा फोन आला. ती म्हणाली, ‘मी चार ठिकाणी विचारायला घाबरले. तुमच्याकडे आकडा दिसला म्हणून फोन केला.’ मला ती मीटिंग आणि तो फोन दोन्ही एकाच वेळी आठवतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वेबसाइटवरची रेंज ही अंदाज असते, पत्रातला आकडा खरा. फोनवर हे विचारा. व्हॅट धरून की वगळून? सुनावणीचा दिवस त्यात आहे का? सुनावणी पुढे ढकलली तर पुन्हा फी? प्रवास? आणि अपिलाचा फॉर्म व पुरावे कोण दाखल करणार? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. खटला चालवण्याची, म्हणजे कागदपत्रं दाखल करणं, पत्रव्यवहार करणं याची परवानगी प्रत्येक बॅरिस्टरला नसते, ती रजिस्टरमध्ये वेगळी दिसते. नसेल तर तो मसुदा लिहील, सल्ला देईल, सुनावणीत बोलेल, पण दाखल तुम्ही करायचं.

सनदधारक, पुणे

हे वाचून मनापासून वाटलं ते लिहितो. आमच्याकडे बार कौन्सिलच्या नियम ३६ मुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून वेबसाइट चालते, पण तीवर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढंच. फी लिहायची सोय नाही. त्यामागचा हेतू मला मान्य आहे, वकिली म्हणजे दुकान होऊ नये. पण माझ्याकडे येणारा शेतकरी आधी गावातल्या तिघांना विचारून येतो की वकील किती घेईल, आणि ते तिघेही चुकीचं सांगतात. ताईंनी फायलींचे ढीग करून आकडे काढले तसं आपल्याकडे निदान ऑफिसात, टेबलावर, पक्षकारासमोर करायला कुणाची मनाई आहे? मी या सोमवारपासून वाटणीच्या दाव्यांचं करून बघणार आहे.

बर्मिंगहॅमहून

मी बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मला २०२१ मध्ये लिंकन्स इनमध्ये कॉल झाला. आई-बाबा नांदेडहून ऑनलाइन बघत होते. आजीने गल्लीत पेढे वाटले, ‘नात बॅरिस्टर झाली.’ त्यानंतर तीन वर्षं प्युपिलेजसाठी अर्ज केले, मिळाली नाही. कॉल होणारे खूप आणि प्युपिलेजच्या जागा थोड्या, हे आत शिरल्याशिवाय कळत नाही. सध्या मी एका सॉलिसिटर फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे.

म्हणजे मीही अनरजिस्टर्ड. तुमच्या त्या गृहस्थांसारखीच. त्यामुळे हा शब्द वाचताना लागतो. पण सांगते, नियम मला अन्यायाचा वाटत नाही. माझ्यामागे विमा नाही. मी चूक केली तर लीगल ओम्बुड्समनकडे जाण्याची वाट अशिलाला नाही, ती परवानाधारकांच्या अशिलांसाठी आहे. परवानाधारकाबद्दल आधी चेंबर्सकडे तक्रार करायची, आठ आठवडे थांबायचं, मग ओम्बुड्समन. तो ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. माझ्या बाबतीत यातलं काहीही लागू नाही. मग मी कुणाच्या तोंडावर बॅरिस्टर कशी म्हणू? नातेवाइकांचे फोन येतात, ‘आमच्या पोराचा व्हिसा बघ ना.’ मी सरळ सांगते, ‘काका, मला तो सल्ला द्यायची परवानगी नाही, रजिस्टर कसं बघायचं ते शिकवते.’ काही जण रागावतात. एका मामाने वर्षभर फोन केला नाही.

दादा, ते गृहस्थ कदाचित लबाड नसतील. तीस वर्षांपूर्वी मिळालेला शब्द सोडवत नसेल. तरी पैसे परत मागा.

माजी क्लार्क, लंडन

पोरी, तुझी पोस्ट वाचून डोळे भरून आले. पुढचा अर्ज करशील तेव्हा मला निरोप कर. अर्जातल्या कुठल्या ओळीवर क्लार्क आणि कमिटी थांबते ते मी बघून सांगेन.

स्लाउकर

उशिरा लिहितोय, माफ करा. त्यांचं उत्तर लेखी आलंच नाही. फोन आला. म्हणाले, ‘तुमचा विश्वास नसेल तर मला काम नको.’ ६०० पैकी ४०० परत केले, २०० ‘सल्ल्याचे’ म्हणून ठेवले. मी वाद घातला नाही.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे ‘पब्लिक ॲक्सेस’ असं विचारत पाच फोन केले. चौथ्या ठिकाणी क्लार्क बाईंनी रजिस्टरची लिंक स्वतःहून पाठवली. चार पानी पत्र आलं, फी व्हॅटसकट, सुनावणीचा दिवस धरून, पुढे ढकलली तर काय तेही. फॉर्म आम्हीच भरायचा होता. भावजयीने कुडाळहून व्हिडिओ कॉलवर भावाबरोबर बसून भरला, एकोणिसाव्या दिवशी. फी भावाच्या कार्डावरून. पगाराच्या पावत्यांचा घोळ असा निघाला की कंपनीने मधल्या दोन महिन्यांत खातं बदललं होतं आणि दुसऱ्या खात्याचं स्टेटमेंट आम्ही जोडलंच नव्हतं.

बाबांना पत्राची चार पानं वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, ‘हे आधी का नाही मागितलंस?’

एकच राहिलंय. त्या गृहस्थांची तक्रार करावी का? भाऊ म्हणतो करूया, बाबा म्हणतात नको. ओळखीतली माणसं आहेत.

माजी क्लार्क, लंडन

ते तुमच्या घरात ठरवा, त्यात मी पडणार नाही. मला मात्र त्या पूजेला आलेल्या इतर कुटुंबांची काळजी वाटते. कुणाच्या २८ दिवसांतले वीस गेलेले असतील. करायचीच झाली तर बॅरिस्टर म्हणवून घेतल्याची तक्रार बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे आणि इमिग्रेशनचा सल्ला दिल्याची ऑथॉरिटीकडे, दोन वेगळ्या. दोन्हीकडे फॉर्म ऑनलाइन आहे. पैसे कधी, किती, कुणासमोर दिले ते आजच तारखांसह लिहून ठेवा, ४०० कसे परत आले तेही. तीन ओळींचा ईमेल जपा. आणि त्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कार्ड फेकू नका.